मूलपेशी आणि दुखावलेले स्नायू: पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात: खेळताना किंवा अपघातात स्नायू दुखावलेली, आणि स्नायूंचा जन्मजात आजार असलेली मुलं, आईवडिलांसोबत. दोघांकडूनही आठवड्यातून एकदा तरी विचारलं जातं, "मॅडम, स्टेम सेलनं होईल का हो?" फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच आहेत. ज्याचं उत्तर आधी येऊन गेलं, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मूलपेशी म्हणजे नक्की काय? स्नायूत त्या असतात का?

मूलपेशी म्हणजेच स्टेम सेल. ती स्वतःसारखी आणखी एक पेशी तयार करू शकते आणि गरज पडली की एखाद्या ठरावीक कामाची पेशीही बनू शकते. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या मूलपेशींपासून शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकते. जन्मानंतर अंगात उरतात त्या मात्र आपापल्या घरापुरतं काम करतात. अस्थिमज्जेतल्या रक्त बनवतात, त्वचेतल्या त्वचा.

स्नायूंच्या स्वतःच्या मूलपेशींना सॅटेलाइट पेशी म्हणतात. १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाच्या स्नायूचे काप इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहताना त्यांचं वर्णन केलं. स्नायुतंतूचं आवरण आणि त्यावरचा पातळ पापुद्रा यांच्या फटीत त्या चिकटून बसलेल्या असतात, उपग्रहासारख्या, म्हणून हे नाव. एरवी झोपलेल्या असतात. तंतू फाटला की जाग्या होतात. तुमच्या मांडीत, दंडात, पोटरीत त्या आत्ताही आहेत, आणि त्यांच्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

२. मग फाटलेला स्नायू आपोआप भरून येतो ना? तरी गाठ का राहते?

छोटी इजा बहुतेक वेळा पूर्ण भरून येते. पहिले दोन-तीन दिवस रक्त साकळतं, सूज येते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे पोहोचतात, मेलेला भाग साफ करतात आणि सॅटेलाइट पेशींना उठवणारे रासायनिक संदेश सोडतात. म्हणून सुरुवातीची सूज हा दुरुस्तीचाच भाग आहे. जाग्या झालेल्या पेशी वाढतात, एकमेकींत मिसळतात, तुटलेल्या तंतूला जोडल्या जातात. पहिल्या काही आठवड्यांत नवे तंतू दिसू लागतात. पूर्ण ताकद यायला कधी कधी महिने लागतात.

याच वेळी दुसऱ्या पेशी तिथे कोलॅजनचं जाळं विणत असतात. फट लहान असेल तर स्नायू आधी पोहोचतो. फट मोठी असेल, किंवा आधाराचा पापुद्राच फाटला असेल, तर कोलॅजन आधी भरतं आणि व्रण तयार होतो. तो ठिगळासारखा असतो: जागा बंद करतो, पण मूळ कापडासारखा ताणला जात नाही. हाताला लागते ती गाठ बहुधा हीच. पुन्हा लचक भरते तीही अनेकदा या ठिगळाच्या कडेलाच, कारण पळण्याची घाई झालेली असते.

३. पोलीस भरतीच्या सरावात मांडीत मागून चटकन आवाज आला. गावी लगेच मालिश करून घेतली. चुकलं का?

झालं ते झालं, पण पुढच्या वेळी पहिले काही दिवस जोराची मालिश टाळा. ताज्या जखमेवर रगडलं की रक्तस्राव वाढतो. मांडीच्या पुढच्या भागावर मोठा मुका मार बसलेला असेल आणि तिथे दाबून चोळलं, तर स्नायूतच हाड धरण्याचा धोका वाढतो. असं हाड धरलेले कबड्डीचे खेळाडू मी पाहिले आहेत. त्यांचे सहा-सहा महिने गेले.

पहिले दोन-तीन दिवस थंड शेक, पट्टीचा हलका दाब, पाय उंचावर. मग वेदना वाढणार नाही इतपत हालचाल, त्यानंतर हळूहळू वजन. पूर्ण बेडरेस्ट नको. नव्या तंतूंना कुठल्या दिशेनं रांगेत लागायचं, हे हालचालीच्या ताणावरून कळतं. हाताला खोलगट खाच लागत असेल, चालताच येत नसेल किंवा काळानिळा डाग गुडघ्यापर्यंत उतरला असेल, तर सोनोग्राफी किंवा एमआरआय लांबवू नका. टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडापासून सुटलं असेल तर शस्त्रक्रिया वेळेत व्हावी लागते. अशा इजेसाठी बाहेरून मूलपेशी टोचण्याची गरज मला आजवर एकदाही दिसली नाही.

भरतीच्या मुलांसाठी आणखी एक. पहिल्याच दिवशी दोन-तीनशे बैठका मारल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर घरी पाणी पीत बसू नका. विरघळलेल्या स्नायूतलं प्रथिन मूत्रपिंडात अडकतंय, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

४. वय ६८. दर रविवारी सिंहगड चढायचो. आता मांड्या वाळल्यात. माझ्या मूलपेशी संपल्या का?

कमी झाल्या असतील, सुस्तावल्या असतील, संपलेल्या नाहीत. २००५ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांचा रक्तप्रवाह एकमेकांना जोडला. तरुण रक्त मिळू लागल्यावर म्हाताऱ्या उंदराच्या स्नायूतल्या मूलपेशी पुन्हा जोमानं दुरुस्ती करू लागल्या. पेशी त्याच, भोवतालचं वातावरण बदललं. यावरून तरुणांचं रक्त घ्यावं असा अर्थ कृपा करून काढू नका. वातावरण सुधारायचे साधे मार्ग आपल्या हातात आहेत, इतकाच घ्या.

त्यातला पहिला म्हणजे वजनाचा व्यायाम. नुसतं चालणं पुरत नाही. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणं-बसणं, दिवसातून दोनदा, इथून सुरू करा. दुसरा म्हणजे प्रथिनं. आपल्याकडची शिफारस प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे, पण उतारवयात १ ते १.२ ग्रॅम लागतात असं अनेक तज्ज्ञांचं मत आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज घ्या. चहा-खारीच्या नाश्त्यातून ती भरत नाहीत. मटकीची उसळ, दही, पनीर, शेंगदाणे, अंडी यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

५. पीआरपी म्हणजे स्टेम सेलच ना?

नाही. तुमचंच रक्त यंत्रात फिरवून त्यातला बिंबिका (प्लेटलेट्स) जास्त असलेला भाग काढतात, तो पीआरपी. बिंबिकांना केंद्रकच नसतं, त्यांच्यापासून दुसरी पेशी बनू शकत नाही. मांडीच्या मागचा स्नायू दुखावलेल्या ८० खेळाडूंवर नेदरलँड्समध्ये चाचणी झाली, २०१४ मध्ये निष्कर्ष आले. पीआरपी आणि साधं मीठपाणी टोचलेले खेळाडू मैदानावर परतायला लागलेल्या वेळेत फरक नव्हता.

६. पोटाच्या चरबीतून किंवा कमरेच्या हाडातून काढलेल्या स्टेम सेल स्नायूत टोचतात. त्याचा स्नायू बनतो का?

ठळकपणे सांगावं असा स्नायू बनत नाही. चरबीत आणि अस्थिमज्जेत ज्या पेशी मिळतात त्यांना मेसेनकायमल पेशी म्हणतात. १९९१ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लन यांनी त्यांच्यासाठी मेसेनकायमल मूलपेशी हे नाव रूढ केलं. २०१७ मध्ये त्यांनीच लिहिलं की हे नाव बदला, कारण या पेशी रुग्णाच्या अंगात नवी ऊती बनवत नाहीत, त्या संदेश देणारी रसायनं सोडतात. नावामुळे लोकांची दिशाभूल होते, हा त्यांचा मुद्दा होता.

ते संदेश निरुपयोगी आहेत असं नाही. सूज आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांचा उपयोग होतो का, यावर गंभीर संशोधन चालू आहे. पण "चरबीतून काढू, मांडीत टोचू, नवा स्नायू उगवेल" असं कुणी सांगत असेल तर ते शास्त्राला धरून नाही.

७. मुलगा सात वर्षांचा आहे, डुशेन निघालाय. त्याच्याच स्टेम सेल काढून परत दिल्या तर बरा होईल का?

हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक आईचा चेहरा मला आठवतो, म्हणून सविस्तर सांगते.

डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी साधारण ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे एकाला होते. दोष असतो डिस्ट्रॉफिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात. माणसाच्या सर्वांत लांब जनुकांपैकी हे एक, ७९ तुकड्यांचं, एक्स गुणसूत्रावरचं. ते १९८६-८७ मध्ये लुई कुंकेल यांच्या प्रयोगशाळेनं शोधलं. डिस्ट्रॉफिन तंतूचं आवरण आतल्या सांगाड्याला बांधून ठेवतं. ते नसलं की प्रत्येक धावण्यात, जिना उतरण्यात आवरणाला चिरा पडतात. सॅटेलाइट पेशी दुरुस्त करतात, पुन्हा चिरा पडतात. वर्षानुवर्षं हे चाललं की दुरुस्ती मागे पडते आणि स्नायूच्या जागी चरबी व तंतुमय ऊती भरते. पोटऱ्या फुगलेल्या दिसतात त्या त्यामुळेच.

तर मुलाच्याच पेशी का चालत नाहीत? त्याच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत तेच सदोष जनुक आहे. मज्जेतल्या पेशी काढून परत घातल्या तरी त्यांच्याकडेही डिस्ट्रॉफिनचा बरोबर नमुना नाही. शिवाय २०१५ मध्ये कॅनडातल्या मायकेल रुडनिकी यांच्या गटानं दाखवलं की सॅटेलाइट पेशीला स्वतःला नीट विभागण्यासाठीही डिस्ट्रॉफिन लागतं. म्हणजे दोष तंतूतही आहे आणि तंतू दुरुस्त करणाऱ्या पेशीतही.

आज ज्यानं मुलाचं चालणं आणि आयुष्य लांबतं, ते असं आहे. न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट हे स्टेरॉइड. रात्री घोट्याचे स्प्लिंट (पाऊल सरळ धरून ठेवणारा आधार) आणि रोजचं ताणणं. हृदयाची नियमित तपासणी आणि साधारण दहाव्या वर्षाच्या आत हृदयाचं औषध सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलणं. मोठेपणी फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी आणि रात्री श्वासाला मदत करणारं यंत्र. दमवणारे, जिना उतरायला लावणारे व्यायाम नकोत, पोहणं चांगलं. आईची आणि बहिणींचीही जनुकीय तपासणी करून घ्या, आणि यात आईची "चूक" नाही हे घरातल्या मोठ्यांना सांगा. कितीतरी घरांत ते सांगण्यासाठी मला बसावं लागलं आहे.

८. स्वतःच्या चालत नाहीत, तर भावाच्या किंवा वडिलांच्या चांगल्या पेशी घातल्या तर?

शंका रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांनी नेमकं हेच करून पाहिलं. १९८९ मध्ये टेरेन्स पार्ट्रिज यांच्या गटानं डिस्ट्रॉफिन नसलेल्या उंदरांत निरोगी स्नायुपेशी टोचल्या आणि डिस्ट्रॉफिन दिसलं. खूप आशा निर्माण झाली. नव्वदच्या दशकात मुलांवर चाचण्या झाल्या. जेरी मेंडेल यांच्या गटानं १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत मुलांच्या ताकदीत फरक पडला नाही. टोचलेल्या बहुतेक पेशी लवकरच मरत होत्या, काहींवर शरीराची प्रतिकारशक्ती हल्ला करत होती, आणि ज्या जगल्या त्या सुईच्या वाटेपासून काही मिलिमीटरच्या पुढे जात नव्हत्या. शरीरात सहाशेच्या वर स्नायू आहेत. छातीचा पडदा आणि हृदयही त्यात आलं. तिथे सुया किती टोचणार?

मग रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या मेसोअँजिओब्लास्ट नावाच्या पेशी रक्तातून सोडून पाहिल्या गेल्या, कारण त्या रक्तवाहिनी ओलांडून स्नायूत शिरतात. जुलिओ कोसू यांच्या मिलानमधल्या चाचणीत पाच मुलांना जुळणाऱ्या भावंडांच्या पेशी दिल्या. २०१५ मध्ये निष्कर्ष आला: उपचार बऱ्यापैकी सुरक्षित, एका मुलाच्या मेंदूत रक्तपुरवठा अडून छोटी इजा झाली पण लक्षणं दिसली नाहीत, आणि चालण्याबोलण्यात स्पष्ट फायदा नाही.

वडिलांची पेशी अर्धीच जुळते, हेही लक्षात घ्या. नाकारली जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात.

एक आशेची गोष्टही आहे. पापण्या आणि घसा निकामी करणारी एक वेगळी डिस्ट्रॉफी असते. फ्रान्समध्ये अशा १२ रुग्णांच्या न बिघडलेल्या स्नायूतल्या पेशी काढून, वाढवून, घशाच्या स्नायूत टोचल्या. २०१४ च्या अहवालात काहींचं गिळणं सुधारल्याचं दिसलं. स्नायू एकच, छोटा, हाताशी असलेला, आणि पेशी स्वतःच्या. जिथे काम इतकं आटोपशीर आहे तिथे हा मार्ग आधी यशस्वी होईल, असं मला वाटतं.

९. आमच्या ओळखीतल्या मुलाला इंजेक्शननंतर फरक पडला, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. ते खोटं का?

तुम्ही पाहिलं ते खरं असू शकतं. फरक कशामुळे पडला, हा प्रश्न उरतो. डुशेनची मुलं साधारण सहा-सात वर्षांपर्यंत वाढीच्या जोरावर नवी कौशल्यं शिकतात, आजार आत चालू असला तरी. त्या वयात काहीही दिलं तरी ते लागू पडलं असं दिसतं. बऱ्याच ठिकाणी इंजेक्शनच्या पॅकेजमध्ये रोज दोन वेळा फिजिओथेरपी असते, त्याच सुमारास स्टेरॉइडही सुरू होतं. आणि आईवडिलांनी एवढा खर्च केलाय म्हटल्यावर मूल सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत जीव तोडून चालतं.

जुन्नरकडच्या एका कुटुंबानं शेताचा तुकडा विकून मुलाला तीन वेळा इंजेक्शनं दिली. कुठे, ते महत्त्वाचं नाही. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या घोट्याला साधा स्प्लिंटही नव्हता, टाचा वर ओढल्या गेल्या होत्या, आणि हृदयाची इको दोन वर्षांत झाली नव्हती. मला त्या वडिलांचा राग आला नाही. त्यांना ज्यांनी हे कमी महत्त्वाचं वाटू दिलं, त्यांचा आला.

म्हणूनच चाचणीत काही जणांना खरं औषध आणि काहींना नुसतं पाणी देतात, आणि कुणाला काय मिळालं हे मोजणाऱ्यालाही कळू देत नाहीत.

१०. भारतात याला परवानगी आहे का? एवढ्या जाहिराती कशा चालतात मग?

स्नायूंच्या कुठल्याही आजारासाठी किंवा इजेसाठी मूलपेशींचा उपचार भारतात मंजूर नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांसाठीचं रक्तमूलपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळा वापर संशोधनात मोडतो आणि तो मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा. २०१९ च्या नव्या औषधांच्या आणि चाचण्यांच्या नियमांत मूलपेशींपासून बनवलेलं उत्पादन "नवं औषध" धरलं आहे.

यात एक अपवाद लोकांना गोंधळात टाकतो. बंगळुरूच्या एका कंपनीच्या पेशी-उत्पादनाला पायाचा रक्तपुरवठा तुटण्याच्या गंभीर आजारासाठी आणि पुढे गुडघ्याच्या झिजेसाठी औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली आहे. "स्टेम सेलला भारतात मान्यता आहे" असं कुणी म्हटलं तर विचारा, कुठल्या आजारासाठी? गुडघ्याची मंजुरी मांडीच्या स्नायूला लागू होत नाही.

११. "आमची ट्रायल आहे" असं सांगतात. खरी की नुसतं नाव, कसं ओळखायचं?

सीटीआरआय ही भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे. जून २००९ पासून औषधांच्या चाचणीची तिथे नोंद बंधनकारक आहे. तुम्हाला सांगितलेला नोंदणी क्रमांक तिथे घालून पाहा: आजाराचं नाव तेच आहे का, तुमचं हॉस्पिटल यादीत आहे का, चाचणी अजून चालू आहे का. नुसत्या नोंदणीनं उपचार चांगला ठरत नाही, पण नोंदच नसेल तर तिथेच थांबा.

मग पैशांचं विचारा. तपासला जाणारा उपचार घेण्यासाठी चाचणीत रुग्णाकडून लाखो रुपये घेत नाहीत. उलट चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देण्याचं बंधन नियमांत आहे. संमतिपत्र मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. घरी नेऊन वाचा. "आजच सही करा, सवलत संपतेय" असं कुणी म्हटलं, तर ती चाचणी नाही.

१२. फायदा नाही झाला तरी तोटा काय? आपल्याच तर पेशी आहेत.

तोटे आहेत. कमरेतून मज्जा काढताना भूल द्यावी लागते, आणि डुशेनच्या मुलांना भुलेची काही औषधं जिवावर बेतू शकतात. शिरेतून सोडलेल्या पेशींचा मोठा भाग फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत अडकतो. प्रयोगशाळेत हाताळताना जंतुसंसर्ग होऊ शकतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रकरणात, पक्षाघातानंतर परदेशात ठिकठिकाणी मणक्यात मूलपेशी टोचून घेतलेल्या माणसाच्या मणक्यात दुसऱ्याच कुणाच्या पेशींची गाठ वाढली होती.

पालकांना कुणी सांगत नाही तो तोटा निराळाच आहे. आधी अशा पेशी घेतलेल्या मुलाला पुढच्या खऱ्या चाचणीत अनेकदा घेत नाहीत, कारण मग कशाचा परिणाम काय, हे मोजता येत नाही.

१३. बाळाचं नाळेचं रक्त साठवून ठेवलं तर पुढे स्नायूसाठी उपयोगी पडेल का?

स्नायूसाठी नाही. त्यात मुख्यतः रक्त बनवणाऱ्या मूलपेशी असतात. आजार जनुकीय असेल तर साठवलेल्या पेशीतही तोच दोष असतो (प्रश्न ७). स्वतःच्या भविष्यातल्या वापरासाठी ते साठवायला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआरनं म्हटलं आहे. घरात आधीच रक्ताचा आजार असलेलं भावंड असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा रक्तरोगतज्ज्ञांशी बोला.

१४. त्वचेच्या पेशीपासून हवी ती पेशी बनवतात म्हणे. त्यातून स्नायू बनेल का?

प्रयोगशाळेत बनतो. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशी चार जनुकांच्या मदतीनं गर्भपेशींसारख्या केल्या. २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं. अशा पेशींना आयपीएस म्हणतात. मुलाच्या पेशी घ्यायच्या, जनुकाची दुरुस्ती करायची, त्यातून स्नायूच्या मूलपेशी बनवायच्या आणि परत द्यायच्या, ही कल्पना प्रश्न ७ मधली अडचण मुळातून सोडवते.

प्रश्न ८ मधली अडचण मात्र तशीच राहते: पेशी सगळ्या स्नायूंपर्यंत पोहोचवायच्या कशा? आणि एखादी पेशी अर्धवट अवस्थेत राहून गेली तर गाठ होऊ शकते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात रिटा पर्लिंजेरो यांच्या कामातून आयपीएसपासून बनवलेल्या स्नायुपेशींची पहिल्या टप्प्याची चाचणी डुशेनच्या रुग्णांवर सुरू झाली आहे. त्यात पायाच्या एका छोट्या स्नायूत पेशी टोचून आधी सुरक्षितता पाहतात. या कामाकडे मी मनापासून लक्ष ठेवून आहे.

१५. जनुकीय उपचार आणि मूलपेशी एकच का?

नाही. जनुकीय उपचारात निरुपद्रवी विषाणूच्या आत जनुकाची छोटी आवृत्ती घालून ती स्नायूंत पोहोचवतात. पेशी टोचत नाहीत. डुशेनसाठी असा एक उपचार अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाला, पण २०२५ मध्ये यकृत निकामी होऊन काही रुग्णांचे मृत्यू झाल्यावर तिथे निर्बंध आले. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी हा आणखी निराळा आजार, त्यावर खरोखर परिणामकारक औषधं आहेत. म्हणून निदान आधी पक्कं करा.

१६. अपघातात पोटरीचा मोठा लचकाच गेला. तो भाग पुन्हा वाढवता येईल का?

इतकी मोठी हानी सॅटेलाइट पेशींच्या आवाक्याबाहेर असते, कारण ज्या चौकटीवर त्या काम करतात तीच गेलेली असते. पिट्सबर्गमध्ये स्टीफन बॅडिलॅक यांच्या गटानं डुकराच्या मूत्राशयातून सगळ्या पेशी धुऊन काढल्या आणि उरलेली जाळी जखमेत बसवली, लगेच फिजिओथेरपी सुरू केली. शरीराच्या स्वतःच्याच पेशी त्या जाळीकडे आल्या. २०१४ मध्ये पाच रुग्णांचा अहवाल आला. काहींचं काम सुधारलं, काहींचं नाही. पुण्यात आज तुमच्यासाठी वास्तव पर्याय म्हणजे प्लास्टिक सर्जननी दुसरीकडचा स्नायू रक्तवाहिनी आणि मज्जातंतूसह आणून बसवणं. त्यांना जखम ताजी असतानाच भेटा.

१७. बाइक घसरली, खांद्याची नस तुटली, दंड वाळत चाललाय. दंडात मूलपेशी टोचल्या तर?

इथे स्नायू बिघडलेला नाही, त्याची तार, म्हणजे मज्जातंतू, तुटली आहे. नस नसेल तर टोचलेल्या पेशीही वाळतील. तुम्हाला घाई करायची आहे ती नसेच्या शस्त्रक्रियेची, शक्यतो पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. साधारण दीड वर्षानंतर स्नायू नवी नस स्वीकारण्याच्या पलीकडे जातो. मूलपेशींची वाट पाहण्यात हे महिने गमावलेला तरुण मुलगा समोर बसतो, तेव्हा काय बोलावं कळत नाही.

१८. हृदयही स्नायूच ना? अ‍ॅटॅकनंतर स्टेम सेल?

हृदयात सॅटेलाइट पेशी नसतात. तिथल्या स्नायुपेशी फार सावकाश बदलतात, पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का. २००० साली पॅरिसमध्ये फिलिप मेनाशे यांनी मांडीच्या स्नायूतल्या पेशी हृदयात घातल्या. पुढच्या मोठ्या चाचणीत, २००८ मध्ये, हृदयाची ताकद वाढल्याचं सिद्ध झालं नाही आणि ठोके अनियमित होण्याची काळजी उरली. तुमच्या कार्डिओलॉजिस्टनं दिलेल्या गोळ्या चालू ठेवा.

१९. पुण्यात एवढ्या संस्था आहेत. तिथे मुलाला नेऊ का?

विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि पाषाणचं आयसर या संशोधन संस्था आहेत. पेशींवर उत्तम मूलभूत काम तिथे चालतं, पण ओपीडी नाही, रुग्ण तपासत नाहीत. गेटवरून परत आलेली कुटुंबं मला भेटली आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते. दाखवायचं असेल तर ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात. दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखालचं जवळचं केंद्र म्हणजे मुंबईचं केईएम. स्नायुक्षय (मस्क्युलर डिस्ट्रॉफी) हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, तेव्हा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. शाळेतल्या सवलतींसाठी आणि प्रवासासाठी ते कामाला येतं.

२०. आम्ही आधीच इंजेक्शनं घेतलीत. आता सांगायला लाज वाटते. काय करू?

सांगा. मी रागावणार नाही, आणि कुठल्या चांगल्या डॉक्टरनं रागावू नये. कुठल्या पेशी, कुठून काढल्या, कुठे टोचल्या, किती वेळा आणि कोणत्या तारखांना, हे सगळं लिहून आणा. डिस्चार्ज कार्ड आणि पावत्या फेकू नका, पुढे चाचणीत नाव घालायचं झालं तर त्या लागतील. ताप, पाठदुखी, पायात नवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा जाणं, यांतलं काही असेल तर वाट न पाहता न्यूरॉलॉजिस्टकडे जा. त्या लोकांनी स्टेरॉइड बंद करायला सांगितलं असेल तर मनानं बंद करू नका. ते एकदम थांबवणं धोक्याचं असतं. आणि येताना मुलाचे रोजचे बूट घेऊन या. कुठे झिजलेत ते पाहूनच स्प्लिंटचं माप घेते मी.